ठाण्याहून विदर्भात गाडीनं जायचंय: समृद्धी, धुळे-अकोला, की जालना-मेहकरचा जुना रोड?

दिवाळी जवळ आली की मावसभावाचा फोन येतोच, "दादा, यंदा समृद्धीनं जाऊ का जुन्या रोडनं?" आणि दरवर्षी मी वेगळं उत्तर देतो म्हणून तो वैतागतो. पण उत्तर वेगळंच असणार ना राव, कधी तो एकटाच असतो, कधी सोबत मावशी असते जिला दर दीड तासानं थांबावं लागतं, कधी स्वतःची गाडी, कधी मित्राची सीएनजीवाली. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, मी गेल्या दोन-तीन वर्षांत तिन्ही रस्त्यांनी गेलोय, काही वेळा जाताना एक आणि येताना दुसरा.

आधीच सांगून टाकतो माझं मत काय ते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच निघू शकतात. समृद्धी अख्खी घ्यायची का अख्खी सोडायची असा विचारच करू नका. टोल किलोमीटरवर आहे, जिथून चढलात तिथून जिथे उतरलात तिथपर्यंतचेच पैसे कापले जातात, म्हणजे हा रस्ता चितळ्यांच्या दुकानात पाव किलो बर्फी घ्यावी तसा हवा तेवढाच विकत घेता येतो. आपल्याला कुठला तुकडा हवाय तेवढं ठरवायचं.

आता पर्याय कोणते. एक, समृद्धी, नागपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून जाणारी. दोन, जुना मुंबई-आग्रा रोड धरून कसारा, नाशिक, चांदवड, धुळे आणि तिथून उजवीकडे जळगाव, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, नागपूर, ज्याला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून एनएच सिक्सच म्हणतात, नंबर बदलून ५३ झाला तरी. तीन, नाशिक, येवला, वैजापूर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव जहांगीर, कारंजा, म्हणजे समृद्धीच्या जवळजवळ बाजूबाजूनं जाणारा जुना रोड, जो समृद्धी व्हायच्या आधी ट्रॅव्हल्सवाल्यांचा जीव होता.

तिसऱ्याचं एका दमात उरकून टाकतो. तुमचं गाव त्याच रोडवर असेल किंवा मधल्या गावांत नातेवाईकांकडे थांबत थांबत जायचं असेल तर ठीक, नाहीतर लांब पल्ल्यासाठी त्याचं काम संपलंय. गावागावात स्पीडब्रेकर, ऊसाचे ट्रॅक्टर, बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच बैल. बाईक असेल तर मात्र हाच किंवा धुळेवाला, कारण समृद्धीवर टू-व्हीलर आणि रिक्षा चालतच नाहीत, कितीही सीसीची असली तरी. ते बुलेटवाले विचारत असतात ना, त्यांच्यासाठी.

तर खरी लढत समृद्धी विरुद्ध धुळे-अकोला.

वेळेचं बोलू. कागदावर समृद्धीनं मुंबई-नागपूर आठ तास. गाडीला मैदानी भागात १२० ची लिमिट आहे, घाटात १००, त्यामुळे आमणे ते नागपूर हे गणित खोटं नाहीये. गंमत अशी की मुंबई आमण्यात नाहीये. माजिवड्याहून निघून खारेगाव, मानकोली, राजनोली, वडपे हा जो पट्टा आहे तो वर्षानुवर्षं रुंद होतोय, आणि तिथे गोदामांचे कंटेनर एका बाजूला, भिवंडीचे टेम्पो दुसऱ्या बाजूला आणि मधे आपण. एकदा मी नागपूरहून दुपारी जेवून निघालो, इगतपुरीपर्यंत असा आलो की बायको म्हणाली आज रात्री घरचं जेवायचं, आणि मग शेवटच्या पंचवीस-तीस किलोमीटरला दीड तास, घरी आलो तेव्हा सोसायटीचा वॉचमन झोपलेला. माझा अनुभव धरा, दोनदा चहा, एकदा जेवण आणि ठाण्याचा हा त्रास धरून साडेनऊ-दहा तास. धुळे-अकोल्यानं तेच अंतर आठशेच्या वर जातं आणि पंधरा-सोळा तास लागतात, एका दिवसात केलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाशी धड बोलत नाही.

म्हणजे थेट नागपूर किंवा वर्ध्याला जायचं असेल तर प्रश्नच नाही. प्रश्न मधल्यांचा आहे, आमच्यासारख्यांचा, ज्यांचं गाव ना धड या टोकाला ना त्या.

पण त्याआधी कसारा. हा तुकडा वेगळा सांगायला हवा कारण माझ्या मते समृद्धीतला सगळ्यात पैसे वसूल तुकडा हाच आहे. रस्ता एकदम नाही उघडला हे लक्षात असेल, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, मग मे २०२३ ला शिर्डी ते भरवीर ८०, मार्च २०२४ ला भरवीर ते इगतपुरी २५ आणि सगळ्यात शेवटी ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे ७६. शेवटचा सगळ्यात उशिरा का, तर सह्याद्री मधे. तिथे जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे आणि त्याच्या खाली दऱ्यांवर खांब उभे करून नेलेले लांबच लांब पूल, वरून जाताना डोंगराच्या कुशीतली गावं खाली दिसतात आणि गाडी कुठे चढतेय का उतरतेय तेही कळत नाही. याच तुकड्याच्या कामात १ ऑगस्ट २०२३ ला शहापूरच्या सरलांब्याला गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे गर्डर चढवणारं अवजड यंत्र, कोसळून वीस माणसं गेली, बहुतेक परराज्यातले कामगार. तिथून जाताना मला ते आठवतंच.

कसारा घाटानं त्याच अंतराला काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पावसाळ्यात धुकं, दरड, एक ट्रक बंद पडला की मागे खर्डीपर्यंत रांग. कोरड्या दिवसात पंचवीस-तीस मिनिटं घाट, वाईट दिवसात देवाची मर्जी. बोगद्यातून तो घाट आठ-दहा मिनिटांत संपतो. या ७६ किलोमीटरचा टोल दीडशेच्या थोडा वर. मी म्हणतो अकोल्याला जाणाऱ्यानंसुद्धा, पुढे धुळ्यानं जायचं ठरवलं असेल तरी, एवढा तुकडा समृद्धीचा घ्यावा, पिंपरी सदोला उतरावं आणि घोटी, नाशिक करून पुढे जावं. पावसाळ्यात तर डोळे झाकून. उन्हाळ्यात, पहाटे, रिकामा घाट असेल आणि गाडी चालवायची हौस असेल तर कसाराच घ्या, त्याची मजा बोगद्यात नाही, वरून उतरताना थंड वारा आत येतो ना तो बोगद्यात कुठला.

आता पैसे. कारला सुरुवातीला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होते, १ एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाले. म्हणजे शंभर किलोमीटरला २०६. अख्खा रस्ता १४४५ च्या घरात, जाऊन-येऊन २९०० च्या आत-बाहेर. शिर्डी ते आमणे १८१ किलोमीटर, साधारण ३७३. शिर्डी ते नागपूर ५२० किलोमीटर, साधारण १०७१. ट्रॅव्हल्सवाल्यांना हाच आकडा किलोमीटरला ६ रुपये ९७ पैसे आहे, म्हणून तिकिटं का वाढली ते विचारू नका.

दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय महामार्गाचे टोलनाके, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, सुरुवातीला ३००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. म्हणजे एका नाक्याला साधारण १५ रुपये. हा पास राष्ट्रीय महामार्गावर चालतो, समृद्धीवर चालत नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नाही आणि अटल सेतूवरही नाही, कारण ते राज्याचे रस्ते आहेत. माझ्या ऑफिसातला एक जण पास काढून निवांत समृद्धीवर चढला आणि उतरताना फास्टॅगमधून पूर्ण पैसे गेले तेव्हा नाक्यावरच्या पोराशी भांडत बसला, पोराची काय चूक. तर तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा धुळेमार्गे जाणारे असाल, शिवाय पुण्या-साताऱ्याला नाशिकला पण फिरत असाल, तर पासमुळे जुन्या रस्त्याचा टोल जवळजवळ विसरायचाच. वर्षातून एकदा दिवाळीला जाणाऱ्याला पासचा काही उपयोग नाही, त्यानं नुसता रस्ता बघावा.

इलेक्ट्रिक कारवाल्यांना राज्याच्या नव्या ईव्ही धोरणात समृद्धीचा टोल माफ आहे. निघण्यापूर्वी फास्टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून नीट नोंदलीये का ते बघा आणि चार्जिंगचं आधी ठरवा, १२० नं पळवलं की रेंज कशी वितळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तेच पेट्रोलचं. लोक टोल मोजतात आणि पेट्रोल विसरतात. माझी साधी पेट्रोल हॅचबॅक, ९० ला ठेवली तर अठराच्या आसपास देते, ११५-१२० ला चौदा. समृद्धीवर रस्ता इतका मोकळा असतो की पाय आपोआप खाली जातो. मी आता गाडीला क्रूझ कंट्रोल नसल्यामुळे मनाशी ठरवून शंभरवर ठेवतो, सात तासांत तास-सव्वातास जास्त जातो पण टाकी पण पुरते आणि टायर पण. उलट धुळ्याच्या रस्त्यानं गाव आलं की ब्रेक, पुन्हा पिकअप, तिथे पण काही वीस देत नाही. म्हणजे पेट्रोलचा फरक लोक सांगतात तेवढा नाहीये, फक्त समृद्धीवर तो तुमच्या हातात आहे.

आता ज्याबद्दल खरं बोलायला हवं ते. समृद्धी धोकादायक आहे का? १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्स पेटून पंचवीस जण जळाले, त्याच वर्षी ऑक्टोबरमधे वैजापूरकडे जांबरगावला सैलानी बाबाच्या दर्शनाहून नाशिकला परतणाऱ्यांची गाडी उभ्या ट्रकवर आदळून बारा जण. दोन्ही रात्रीचे. हे वाचून माझ्या आईनं समृद्धीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं. रस्ता वाईट आहे असं मला वाटत नाही, रस्ता इतका चांगला आहे की माणूस झोपतो. सरळ, दोन्ही बाजूला भिंत किंवा जाळी, ना झाड जवळ ना गाव, ना कुणी आडवं येत, तेच तेच पांढरं काँक्रीट पुढे पळत असतं, आणि दुपारी दोन-तीनच्या उन्हात जालन्याच्या पुढे मला स्वतःला एकदा असं झालंय की मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवेना. डोळे उघडे होते. त्या दिवशी पुढच्या पंपावर गाडी लावून अर्धा तास सीट मागे करून झोपलो आणि तेव्हापासून माझा नियम, दर शंभर-सव्वाशे किलोमीटरला उतरायचं म्हणजे उतरायचं, लघवी लागो न लागो.

दुसरं टायर. काँक्रीट तापतं, त्यावर तासन् तास वेगात, आणि आपले टायर चार-पाच वर्षांचे, शहरात ३० नं चालवून कडक झालेले. निघायच्या आधी टायरवर छापलेली तारीख बघा, नुसती नक्षी बघू नका. गाडीत पाच माणसं आणि डिकीत फराळाचे डबे असतील तर हवा त्या हिशोबानं भरा, स्टेपनी पण तपासा. जुन्या रस्त्यावर टायर गेला तर पाचशे मीटरवर पंक्चरवाला असतो, चहा पण मिळतो. समृद्धीवर गेला तर जाळीच्या आत तुम्ही आणि बाजूनं शंभरनं जाणारे ट्रक. मदतीची गाडी येते, पण तोवर सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं, सेल्फी नंतर.

धुळे-अकोला रस्त्याचे धोके वेगळ्या जातीचे. तिथे झोप लागत नाही, तिथे घाबरून जागे राहता. उलट्या दिशेनं येणारा ट्रॅक्टर, दिवे नसलेली बैलगाडी, अंधारात डिव्हायडर ओलांडणारी म्हैस. चौपदरी झालाय बराचसा आणि चांगला झालाय हे मान्य करायला हवं, अमरावती-अकोल्याच्या मधे तर २०२२ च्या जूनमधे ७५ किलोमीटरची लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसमधे नाव लावलं, ज्या रस्त्यावर आधी खड्ड्यात गाडी होती का गाडीत खड्डा ते कळत नव्हतं. पण चौपदरी असला तरी तो गावांचा रस्ता आहे, बंद रस्ता नाही. रात्री मी दोन्ही नको म्हणतो, पण निवडायचंच असेल आणि दोन ड्रायव्हर असतील तर समृद्धी, एकच ड्रायव्हर असेल तर घरी झोपा आणि पहाटे निघा.

खाण्यापिण्यात जुना रस्ता जिंकतो आणि एकतर्फी जिंकतो. समृद्धीवर सुरुवातीची वर्षं पंप सोडला तर काही नव्हतं, पाण्याची बाटली घेऊन शिर्डीहून निघालेले लोक कारंज्याला कोरडे पडून पोचायचे. आता थोडं बरं आहे तरी जिभेला आठवण राहील असं काही नाही, घरून धपाटे, दही आणि ठेचा बांधून घ्या. सीएनजीवाल्यांनी तर आधी टाकी, मग देव, पेट्रोल अर्धी टाकी भरूनच चढा. याउलट धुळेमार्गे म्हणजे कसाऱ्याच्या आधी वडापाव, जळगावकडे भरीत थंडीत असेल तर वा, नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमान रस्त्यावरूनच दिसतो, पोरं खूश, आणि खामगावहून आत वळलात की शेगाव, महाराजांचं दर्शन आणि कचोरी. आमच्या मावशीच्या दृष्टीनं प्रवास म्हणजे हेच. तिला विचारलं तर ती समृद्धीला रस्ता मानतच नाही, म्हणते, "काही दिसतच नाही बापा, नुसतं पळा पळा."

ती असं म्हणते त्याला अजून एक कारण आहे. तिच्या सासरकडच्यांची जमीन गेली त्यात. पैसे बरे मिळाले, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, कितीतरी पट, त्यातून दोन घरं झाली आणि एक बोलेरो पण, पण उरलेलं शेत रस्त्याच्या पलीकडे पडलं आणि बैल घेऊन अंडरपासनं वळसा मारून जावं लागतं. आता शक्तिपीठ महामार्गावरून कोल्हापूर-सांगलीकडे जो विरोध चाललाय, पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा तो, त्याच्या बातम्या आल्या की आमच्याकडे दोन तट पडतात, बोलेरोवाले आणि वळसावाले. असो, विषय तो नाही.

गावाप्रमाणे सांगतो आता, माझं जे मत आहे ते.

नागपूर, वर्धा, पुलगाव, धामणगाव, यवतमाळकडचे: समृद्धी, चर्चा नको. कारंजा, वाशीम, मालेगाव, मेहकर, लोणार: समृद्धीच, मेहकरला उतरलं की लोणार सरोवर जवळच, पाहुण्यांना दाखवायचं असेल तर तेव्हाच उरकून घ्या. सिंदखेडराजा, देऊळगावराजा, चिखली, बुलढाणा: सिंदखेडराजा किंवा जालन्यापर्यंत समृद्धी, पुढे साधा रस्ता. अमरावती: नांदगाव खंडेश्वरकडून किंवा कारंज्याहून आत जाता येतं, समृद्धीच बरी, फक्त परत येताना शेगाव करायचं असेल तर अकोलामार्गे. मलकापूर, नांदुरा, जळगाव, भुसावळ: उगाच समृद्धीच्या नादी लागू नका, आमणे-इगतपुरीचा तुकडा घ्या आणि नाशिक-धुळ्यानं जा. नाशिककर असाल आणि मुंबईला यायचं असेल तर तुम्हाला पण तेवढाच तुकडा.

अडचण अकोला, खामगाव आणि शेगावची. इथे दोन्ही रस्ते जवळपास बरोबरीत येतात. अकोल्याला समृद्धीनं मालेगाव जहांगीरपर्यंत जाऊन मग मेडशी, पातूर करून उतरता येतं, वेळ नक्की वाचतो पण टोल हजाराच्या आसपास. धुळेमार्गे तीन-चार तास जास्त, पण पास असेल तर टोल नगण्य आणि मधे खाणं, थांबणं, नातेवाईक सगळं. माझा हिशोब असा की गाडीत साठीच्या वरचं कुणी असेल ज्याला जास्त वेळ बसवत नाही तर समृद्धी, आणि साठीच्या वरचं कुणी असेल ज्याला जास्त वेळा थांबावं लागतं तर धुळे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला असतील, जशा आमच्या मावशीला आहेत, तर विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढा आणि तिला अकोल्याला उतरवून घ्या, सगळे सुखी.

यंदा मावसभाऊ एकटाच होता, मावशी आधीच गावाला. त्याला सांगितलं समृद्धीनं मेहकर गाठ, येताना तिला घेऊन शेगाव करून ये आणि नाशिकनंतर बोगदा पकड. आणि निघताना ठाण्यातून साडेचारला बाहेर पड, साडेपाचच्या आत आमणे गाठलं नाहीस तर भिवंडीचे कंटेनर सुरू होतात. पठ्ठ्या सहाला उठला.